हेर नव्हे, इंजिनिअर!

१ डिसेंबर १९४८. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडजवळच्या सोमर्टन किनाऱ्यावर सूट-टायमधला एक अनोळखी मृतदेह सापडला. कपड्यांवरची लेबलं काढलेली. चोरखिशात उमर खय्यामच्या पुस्तकातून फाडलेला चिटोरा. मग काय, हौशी शोधकांना ऊतच आला! रशियन हेर, बॅले नर्तक... तर्कांना तोटा नव्हता.

खरा धागा होता पोलिसांनी करून घेतलेल्या प्लास्टरच्या अर्धपुतळ्यात. साचा घेताना मृताचे काही केस त्यात अडकून राहिले होते. त्यांतल्या डीएनएवरून प्राध्यापक डेरेक अ‍ॅबट आणि कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी दूरचे नातेवाईक शोधले, वंशावळी जुळवल्या आणि २०२२मध्ये नाव जाहीर केलं : कार्ल वेब, मेलबर्नचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. तो मेला कशाने, हे मात्र डीएनए सांगत नाही.