नव्या कातडीला रक्त कोण देणार?

कृत्रिम त्वचा बनते, मग यकृत का नाही, असे मला नेहमी विचारतात. अडचण रक्ताची आहे, मंडळी! केशवाहिनी ०.१ ते ०.२ मिलिमीटरहून दूर असली की पेशी प्राणवायूवाचून मरते.

१९८१ मध्ये बर्क आणि यानास यांनी भाजलेल्या रुग्णांवर गाईचे कोलॅजेन आणि शार्कच्या कूर्चेतले द्रव्य (हो, शार्कच!) यांचा सच्छिद्र सांगाडा वापरला. त्यात रुग्णाच्याच रक्तवाहिन्या शिरायला दोन-तीन आठवडे लागतात. मगच वर पातळ त्वचा लावायची. जाड अवयव इतका तग धरणार कसा? म्हणून सांगाड्यातच व्हीईजीएफ हे प्रथिन भरतात. पण नुसत्या त्याने वाहिन्या गळक्या निघतात. २००१ मध्ये डेव्हिड मूनी यांच्या गटाने सोबत पीडीजीएफही सावकाश सोडले, तेव्हा उंदरांत त्या पक्क्या झाल्या.