गोधडीचा काठ

गोधडी शिवणे सोपे असते. खरी पंचाईत होते ती तिला काठ लावताना. हे वाक्य वाचून ज्या भगिनी गालातल्या गालात हसल्या असतील, त्यांनी एकदा तरी गोधडी शिवली आहे असे मी खुशाल समजते. ज्यांना त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही, त्यांच्यासाठी ही सगळी हकीकत.

नवरात्र उलटले की घरोघर ट्रंका उघडतात. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या कपड्यांचे गाठोडे माळ्यावरून खाली येते आणि 'हे बोहारणीला, हे ठेवायचे' अशी वाटणी सुरू होते. आमच्या गाठोड्यात तळाशी एक लुगडे गेली कित्येक वर्षे पडून होते. आईचे इरकल. अंग गडद निळे, काठ तांबडा. नेसून नेसून अंगाचे सूत इतके विरले होते की उजेडात धरले तर पलीकडची खिडकी दिसावी. काठ मात्र जसाच्या तसा! इरकली लुगड्याची ही खोडच आहे. अंग सुती आणि काठ-पदर रेशमी, त्यामुळे अंग आधी थकते आणि काठ मागे उरतो. म्हणून तर आपल्या आयाआज्या लुगडे फाटले तरी काठ फेकत नसत. उसवून ठेवीत, परकराला लावीत, पिशवीला लावीत, अगदीच नाही तर टोपलीवरच्या झाकणाला लावीत.

या खेपेला निमित्त होते नातवाच्या गोधडीचे. वरचा थर मी उन्हाळ्यातच तयार केला होता. घरातल्या प्रत्येकाच्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून ५४ इंच रुंद आणि ७८ इंच लांब एवढा पट झाला. आता त्याला चारी बाजूंनी आईच्या लुगड्याचा काठ लावायचा, एवढे माझ्या मनात पक्के होते. कसा लावायचा, हा प्रश्न मनात आलाच नव्हता.

काठ लावण्यात विचार करण्यासारखे काय आहे, असे मलाही पूर्वी वाटे. माझी पहिली गोधडी त्या गैरसमजाचा पुरावा म्हणून अजून घरात आहे. त्या वेळी मी एक लांबलचक पट्टी घेतली, गोधडीच्या एका कोपऱ्यापासून शिवायला सुरुवात केली आणि जिथे कड संपली तिथे पट्टी कापली. मोजणे नाही, टाचण्या नाहीत. पुरी झाल्यावर जमिनीवर पसरली तर मधला भाग सपाट आणि चारी कडा लाटांसारख्या वर उठलेल्या. यजमान वर्तमानपत्रातून डोके वर काढून म्हणाले, "गोधडी आहे, की तळलेला पापड?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, पण उपमा चुकीची नव्हती.

असे का होते, ते मला नंतर कळले. पट अनेक तुकड्यांचा असतो. काही तुकडे उभ्या धाग्यावर कापलेले, काही आडव्या, काही तिरके. हाताळताना कडा ताणल्या जातात. उलट लुगड्याचा काठ उभ्या धाग्याने विणलेला. तो लांबीला जवळजवळ ताणत नाही. तेव्हा काठ मोजायचा तो कडेवरून नव्हे, पटाच्या मध्यावरून. माझ्याच पटाची गंमत पाहा. शिवणीची जागा सोडून एका कडेची लांबी ७९ इंच भरली, दुसरीची साडेएकोणऐंशी, आणि मधोमध टेप धरली तर बरोबर ७८. खरे माप मधले. काठ त्या मापाचा कापावा, काठाचा आणि पटाचा मध्य एकमेकांवर ठेवून टाचणी लावावी, मग अर्ध्याचे अर्धे करून टाचण्या लावीत जावे. तो जादा एक-दीड इंच सगळ्या लांबीभर वाटला गेला की दिसेनासा होतो. एकाच ठिकाणी आला की त्याची चुणी होते. संसारातल्या पुष्कळ गोष्टींचे असेच आहे.

तर मापे घेतली. आणि इथेच खरा घोळ सुरू झाला.

लुगड्याच्या वाटणीबद्दल आम्हा दोघी बहिणींचे एक बोलणे झाले होते. पदर कापायचा नाही. तो अखंड ठेवायचा. अंगाला दोन बाजूंनी दोन काठ, तेव्हा एक काठ माझा आणि एक धाकटीचा. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. त्यातून ३४ इंचांचा पदर वगळला की प्रत्येकीच्या वाट्याला २९० इंच. धाकटी बेळगावला असते. तिलाही नात झाली आहे आणि तिनेही माझ्याच मापाची गोधडी योजली आहे. लुगडे मात्र पहिल्यापासून माझ्या ट्रंकेत.

आता काठ लावण्याच्या तऱ्हा पाहा. मुख्य अशा तीन.

पहिली सरळ कोपऱ्याची. आधी दोन्ही लांब बाजूंना काठ लावायचे, इस्त्री फिरवायची, आणि मग वरच्या-खालच्या बाजूंना असे काठ लावायचे की त्यांनी आधीच्या काठांची टोकेही झाकावीत. माझा काठ शिवण धरून ५ इंच रुंद, दिसायला ४ इंच. म्हणजे ७९ इंचांच्या दोन पट्ट्या आणि ६३ इंचांच्या दोन. एकूण २८४ इंच. माझ्या २९० इंचांत हे बसत होते आणि वर सहा इंच उरत होते.

दुसरी तिरप्या कोपऱ्याची. तसबिरीच्या चौकटीत कशा दोन पट्ट्या कोपऱ्यात तिरक्या भिडतात, तशी. काठावर उभ्या रेघा असल्या की हा कोपरा फार देखणा दिसतो, कारण प्रत्येक रेघ कोपऱ्यावर वळून पुढे चालू लागते. पण त्यासाठी प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना काठाच्या रुंदीइतकी जास्त लागते, शिवाय शिवणीला आणि हाताला थोडी मोकळीक हवी. म्हणजे ८८ इंचांच्या दोन आणि ६४ इंचांच्या दोन. एकूण ३०४ इंच. माझ्यापाशी होते २९०. चौदा इंच कमी!

तिसरी ठिगळाच्या कोपऱ्याची. चारी बाजूंचे काठ पटाच्या मापाइतकेच कापायचे आणि कोपऱ्यात चार चौकोनी तुकडे बसवायचे. हिला काठ सर्वांत कमी लागतो; ७९ च्या दोन आणि ५५ च्या दोन मिळून २६८ इंच.

मी तिन्ही तऱ्हा कागदाच्या पट्ट्या कापून जमिनीवर मांडून पाहिल्या. सरळ कोपऱ्यात काठाच्या रेघा आडव्या पट्टीवर येऊन आपटत आणि तिथेच मरत. ठिगळाचा कोपरा कागदावर तरी मला ओकाबोका वाटला. तिरप्या कोपऱ्यात मात्र आईचा काठ गोधडीभोवती अखंड फिरत होता. माझे मन तिथेच बसले.

सूनबाई म्हणाली, "आई, दुसऱ्या काठातले चौदा इंच घ्या ना. मावशींना काय कळणार आहे?"

तिने हे सहज म्हटले, आणि खरे सांगायचे तर तिच्या आधी मीच ते मनात म्हणून झाले होते. कात्री हातात होती. दुसरा काठ समोर होता. चौदा इंच म्हणजे काय, दीड वीत! पण धाकटीची गोधडीही ५४ बाय ७८ ची. तिच्या काठातले चौदा इंच मी काढले की उरणार २७६. म्हणजे तिरपा कोपरा तर सोडाच, साधा सरळ कोपराही तिला करता येणार नाही. माझी हौस भागवायला मी तिची निवडच कापून टाकणार होते.

आणि हे पहिल्यांदाच होत नव्हते. आई गेली तेव्हा तिची खोली मीच आवरली. मी थोरली, जवळ राहणारी. धाकटीची मुले लहान, ती तेराव्यानंतर लगेच परतली. मी भांडी वाटली, कपडे वाटले, पत्रे फाडून टाकली. प्रत्येक गोष्ट नीट, रीतीने केली. फक्त तिला विचारले नाही. ती त्यावर कधी बोलली नाही. एकदाच, कितीतरी वर्षांनी, बोलता बोलता म्हणाली, "ताई, आईची लिमलेटच्या गोळ्यांची डबी होती ना, ती कुठे गेली ग?" ती डबी मी रद्दीबरोबर दिली होती. मी काहीतरी उत्तर दिले. तिने पुन्हा विचारले नाही, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

मी कात्री खाली ठेवली आणि बेळगावला फोन लावला.

आता फोनवर तोंडही दिसते, तेव्हा लपवाछपवीला जागा नाही. मी तिला पट दाखवला, कागदाच्या पट्ट्या दाखवल्या आणि तिन्ही हिशेब वाचून दाखवले. मग म्हटले, "मला तिरपा कोपरा करावासा वाटतोय. पण त्याला तुझ्यातले चौदा इंच लागतील. तू म्हणशील तसे."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटले, रागावली. मग म्हणाली, "घे की. पण ताई, तू आधी विचारलंस, हेच मला पुष्कळ झालं."

आम्ही दोघीही मग काही वेळ उगीचच टाचण्यांबद्दल बोललो.

फोन ठेवता ठेवता तिने विचारले, "कोपऱ्यात चौकोन बसवायचे तर केवढे लागतील?" मी म्हटले, "पाच इंची, चार." ती म्हणाली, "आईच्या खणाच्या दोन चोळ्या माझ्याकडे आहेत. लग्नात माझ्या ट्रंकेत चुकून आल्या त्या आल्याच. त्यांच्या पाठीचे कापड अजून धड आहे." त्या चोळ्या तिच्याकडे आहेत हे मला ठाऊकच नव्हते! म्हणजे न विचारता आईचे काही ठेवून घेणारी मी एकटीच नव्हते तर. आम्ही दोघी मनापासून हसलो.

आठवडाभरात पाकीट आले. आत गुळेदगुडच्या खणाचे आठ चौकोन नीट इस्त्री करून ठेवलेले. चार मला आणि चार तिला. चार कसे दिसतात हे मी पाहावे आणि बाकीचे काठाबरोबर परत पाठवावे, असा निरोप. मी एक चौकोन कोपऱ्यात ठेवून पाहिला. जो कोपरा कोऱ्या कागदाने ओकाबोका दिसला होता, तोच आता भरून आला. काठाच्या रेघा खणापाशी येऊन थांबत होत्या, पण आपटत नव्हत्या. विसाव्याला थांबल्यासारख्या वाटत होत्या. तिरप्या कोपऱ्याचा विचार मी तिथेच सोडला.

कोपऱ्याला असे काही खास करावे, ही कल्पना काही आमची नव्हे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका 'कवंदी' नावाची गोधडी शिवतात. ती कडेपासून सुरू होते आणि फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे जाते. चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाचे टोक लावतात. त्याला म्हणतात 'फूल'. फुलावाचून कवंदी त्यांना अपुरी वाटते. बंगालात कांथा शिवताना तर जुन्या साडीच्या काठाचे रंगीत दोरे उसवून त्यांनीच नक्षी भरीत. काठ टाकवत नाही, हे दुःख, किंवा सुख म्हणा, सगळीकडचे सारखेच.

ज्या भगिनींना यंदा असा उद्योग करायचा असेल, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

जुना काठ लावण्यापूर्वी तो आणि पट दोन्ही वेगवेगळे धुवावेत. सुती आणि रेशमी कापड सारखे आटत नाही. आटायचे ते आधीच आटलेले बरे. रंगाची शंका असेल तर काठाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. तांबडा डाग उमटला तर डाग पडणे थांबेपर्यंत धुवावे. तरीही थांबला नाही, तर तो काठ धुवायच्या गोधडीला लावूच नये.

काठ आतल्या थरांना टाके घालण्यापूर्वीच वरच्या पटाला जोडावा. नंतर जोडला तर काठाच्या आत थर नसतात आणि तो लोंबतो. आतले थर आणि अस्तर काठासकट झालेल्या मापाहून चारी बाजूंनी दोन-तीन इंच मोठे घ्यावे. माझी गोधडी काठासह ६२ बाय ८६ झाली, तेव्हा अस्तर मी ६७ बाय ९१ चे धरले. मग धावदोरा घालावा, म्हणजे पट, थर आणि काठ एकजीव होतात.

शेवटची कड दोन प्रकारे मिटवता येते. जादा अस्तर वर मुडपून तुरपणे सोपे आणि कमी खर्चाचे. पण कड झिजली की अस्तरच फाटते. वेगळा गोट लावला तर थोडे काम वाढते, मात्र झिजल्यावर तेवढाच बदलता येतो. पोराबाळांच्या गोधडीला गोटच बरा. सरळ कडेला गोट सरळ धाग्यावर कापला तरी चालतो. तिरका कापायची गरज गोल कडेलाच.

आणि चौथी गोष्ट. कापण्यापूर्वी दोनदा मोजावे, हे शिवणाच्या वर्गात शिकवतात. कापण्यापूर्वी एकदा विचारावे, हे मात्र कोणी शिकवीत नाही. वस्तू दोघींची असेल तर टेपेइतकेच तेही महत्त्वाचे.

गोधडी धनत्रयोदशीच्या आत पुरी झाली. नातू तिच्यावर पालथा पडून कोपऱ्यातला खण तोंडात घालतो; बाकीच्या गोधडीकडे त्याचे लक्ष नाही. माझ्या काठातले २२ इंच उरले. धाकटीचा काठ, तिचे चार चौकोन आणि ते २२ इंच एकत्र घडी करून बेळगावला पाठवून दिले. बरोबर लिमलेटच्या गोळ्यांची एक डबी ठेवली. आईची नव्हे, ती काही परत येणार नाही. बाजारातून नवीनच आणली.

परवा तिचा फोन आला. काठ कसा लावायचा ते अजून ठरत नाही म्हणत होती. मी म्हटले, "घाई करू नकोस. कागद कापून जमिनीवर मांडून बघ."

ती म्हणाली, "मांडलेत. तू ये बघायला."

भाऊबीज झाली की जाणार आहे.