‘नैसर्गिक’ बेकारी : एका विशेषणाचा अर्थविचार

अर्थशास्त्रविषयक मराठी लेखनात एकाच कल्पनेसाठी ‘बेकारीचा नैसर्गिक दर’ आणि ‘नैसर्गिक बेकारीचा दर’ अशा दोन शब्दयोजना आढळतात. वाचक त्यांत सहसा भेद करीत नाही. व्याकरणदृष्ट्या मात्र पहिलीत विशेषण दराचे आहे. दुसरीत ते बेकारीला जाऊन चिकटते. ‘नैसर्गिक’ हे अविकारी विशेषण असल्यामुळे हा घोटाळा ध्यानात येत नाही. त्याच्या जागी ‘खरा’ हे विकारी विशेषण घालून पाहावे, म्हणजे ‘खरा बेकारीचा दर’ आणि ‘खऱ्या बेकारीचा दर’ यांतील अंतर तत्काळ उघड होते. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे, अर्थशास्त्र नव्हे. तथापि असा दर मुळात अस्तित्वात आहे काय, या अर्धशतकाहून जुन्या वादात ह्या विशेषणाने जे कार्य केले ते दोन्ही शास्त्रांच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखे आहे.

वादाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगावयाची तर अशी. १९५८ साली ए. डब्ल्यू. फिलिप्स यांनी १८६१ ते १९५७ या काळातील ब्रिटनच्या आकड्यांवरून दाखविले की, बेकारी कमी असता मजुरी वेगाने वाढते व बेकारी अधिक असता मंदगतीने वाढते. १९६० साली सॅम्युअलसन व सोलो यांनी हाच संबंध अमेरिकेला लावून पाहिला. थोडी भाववाढ पत्करली की तेवढी बेकारी कमी करता येते, असा सौदा शासनापुढे आहे, असे त्यावरून अनेकांना वाटू लागले.

या समजुतीवर एडमंड फेल्प्स यांनी १९६७ साली आघात केला, आणि त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी वॉशिंग्टन येथे मिल्टन फ्रीडमन यांनी अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात. युक्तिवाद साधा होता. भाववाढ अनपेक्षित असते तोवरच ती रोजगार वाढविते. मजूर व मालक तिची अपेक्षा धरू लागले की मजुरीचे करार त्या मानाने वाढतात आणि बेकारी पूर्वस्थळी परत येते. ती तेथून खाली रेटून धरावयाची तर भाववाढ वर्षानुवर्षे चढतीच ठेवावी लागेल. हे जे ‘पूर्वस्थळ’, त्याला फ्रीडमन यांनी ‘नैसर्गिक दर’ म्हटले.

हे विशेषण उसने आहे. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ क्नुट विक्सेल यांनी १८९८ सालच्या ग्रंथात व्याजाचा ‘नैसर्गिक’ दर आणि बाजारातील दर असा भेद केला होता. चलनामुळे जे घडते ते वेगळे काढल्यावर जे उरते ते ‘नैसर्गिक’. म्हणजे या संज्ञेचा विरुद्धार्थी शब्द ‘कृत्रिम’ नसून ‘चलनजन्य’ हा होय. फ्रीडमन यांनी हे भाषणातच स्पष्ट केले होते. हा दर अचल नाही, त्याची अनेक अंगे मनुष्यनिर्मित व धोरणनिर्मित आहेत, किमान वेतनाचे कायदे व कामगार संघटनांचे बळ यांनी तो चढतो आणि रिकाम्या जागांची माहिती सुलभ झाल्याने उतरतो, हेही त्यांनी सांगितले होते.

परंतु व्याख्या ग्रंथात राहते आणि शब्द बाजारात जातो. आपल्या भाषेत ‘नैसर्गिक मृत्यू’ म्हटला की पंचनाम्याची गरज उरत नाही. ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हटली की दोष कोणाचा, हा प्रश्न मागे पडतो. इंग्रजीतही या शब्दाभोवती असेच वलय आहे. विल्यम व्हिक्री यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाला ही संज्ञा म्हणजे क्रूर वस्तुस्थितीवर घातलेले सौम्य नाव वाटले, ते याचमुळे. अमेरिकेतील श्रमशक्ती आज सोळा कोटींहून अधिक आहे. दर चार टक्के मानावा की सहा, या मतभेदाचा अर्थ तीस लाखांहून अधिक माणसे असा होतो.

१९७० नंतरच्या घटनांनी फ्रीडमन-फेल्प्स पक्षाला बळ दिले. १९७५ साली अमेरिकेत बेकारी साडेआठ आणि भाववाढ नऊ टक्क्यांच्या आसपास होती. जुन्या सौद्याच्या कल्पनेत हे बसत नव्हते. त्याच वर्षी मॉदिल्यानी व पापाडेमोस यांनी ‘भाववाढ न घडविणारा बेकारीचा दर’ अशी पर्यायी संज्ञा सुचविली, आणि पुढे ‘भाववाढीला गती न देणारा दर’ हे तिचे रूप स्थिरावले. निसर्ग नावातून गेला, पण अडचण राहिली. हा दर कोणी मोजलेला नसतो. तो भाववाढीच्या वर्तनावरून अनुमानिलेला असतो. भाववाढ चढली तर बेकारी त्या दराच्या खाली होती असे म्हणावयाचे, आणि न चढली तर दरच खाली आला असे म्हणावयाचे. अशा विधानाचे खंडन कसे करावयाचे? स्टेगर, स्टॉक व वॉटसन यांनी १९९७ साली दाखविले की, १९९० सालासाठी या दराचा ९५ टक्के विश्वासमर्यादेचा पट्टा ५.१ पासून ७.७ टक्क्यांपर्यंत पसरतो. धोरण ठरविणाऱ्याला एवढ्या रुंद पट्ट्याचा उपयोग काय, हे सांगणे कठीण आहे.

याहून मूलगामी आक्षेप १९८६ साली ब्लांशार व समर्स यांनी युरोपातील वाढत्या बेकारीसंबंधी घेतला. बेकारी दीर्घकाळ टिकली की कामावर असलेलेच आपल्या हितानुसार मजुरी ठरवून घेतात, बाहेरचे वाटाघाटीतून बाद होतात, आणि आजची बेकारीच उद्याचा ‘नैसर्गिक’ दर बनते. येथेही शब्द उसनाच आहे. लोखंडाला दिलेले चुंबकत्व कारण दूर झाल्यावरही मागे उरते; त्या गुणधर्माचे पदार्थविज्ञानातील नाव त्यांनी घेतले. गंतव्यस्थान वाटेवर अवलंबून असेल, तर त्याला पूर्वनिश्चित म्हणता येत नाही.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा अनुभवही लक्षणीय आहे. जानेवारी २०१२ मध्ये तिच्या धोरणसमितीच्या सदस्यांचा दीर्घकालीन दराचा अंदाज प्रामुख्याने ५.२ ते ६ टक्के होता. डिसेंबर २०१९ मध्ये त्याचा मध्यक ४.१ वर आला होता. मधल्या काळात बेकारी साडेतीन टक्क्यांपर्यंत उतरली, तरी भाववाढ उसळली नाही. मग २०२१ नंतर ती उसळली. जून २०२२ मध्ये ती ९.१ टक्के असता, तिला आवर घालण्यासाठी पाच वर्षे पाच टक्क्यांहून अधिक बेकारी लागेल, असे समर्स यांनी म्हटले. जून २०२३ मध्ये ती ३ टक्क्यांवर आली. बेकारी मात्र या सबंध वर्षात चार टक्क्यांच्या खालीच राहिली. नैसर्गिक दराच्या समर्थकांनी याचे श्रेय पुरवठ्यातील अडचणी दूर होण्यास आणि भाववाढीच्या अपेक्षा स्थिर राहण्यास दिले आहे. हे उत्तर टाकाऊ नाही. अपेक्षांचे महत्त्व हाच तर फ्रीडमन यांच्या भाषणातील टिकाऊ भाग होय.

ब्लांशार यांनी २०१८ साली या प्रश्नाचा पुन्हा आढावा घेतला. मूळ उपपत्ती आधारभूत मानावी, पण विरोधी पक्षालाही काही वजन द्यावे, असा त्यांचा मध्यम निर्णय आहे. प्रस्तुत लेखकाला उपपत्तीविषयी बोलण्याचा अधिकार नाही, संज्ञेविषयी आहे. अमेरिकी काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने आता ‘नैसर्गिक’ हा शब्द सोडून ‘चक्रनिरपेक्ष’ या अर्थाचा शब्द घेतला आहे. मराठीतही तो चालावयास हरकत नसावी. तोवर आपल्या विद्यार्थ्यांनी निदान ‘नैसर्गिक बेकारीचा दर’ ही शब्दयोजना तरी टाळावी, कारण तिच्यातून निघणारा अर्थ फ्रीडमन यांनाही अभिप्रेत नव्हता.