पाहुण्या पाखरांचे पाणी

हिवाळा लागला की सैबेरिया व मध्य आशियातील बदके आपल्याकडे उतरू लागतात. पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. तो तीस देशांतून जातो. वाटेतील एक मुक्काम नष्ट झाला, तर पुढचा गाठणे पाखरांना अवघड होते. त्यामुळे पाणथळींचे रक्षण कोणा एकाचे काम राहत नाही.

हे ओळखूनच १९७१ साली इराणमधील रामसर येथे पाणथळींविषयी करार झाला. १९८२ मध्ये भारत त्यात सामील झाला. उत्तर अमेरिकेत कॅनडा व अमेरिका यांनी १९८६ मध्ये पाणपक्ष्यांसाठी संयुक्त योजना आखली आणि १९९४ मध्ये मेक्सिकोही तीत आला.

आपल्या गोदावरीचे उदाहरण घेऊ. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरच्या जुन्या बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ पाणी व बेटे तयार झाली. ते १९८६ मध्ये अभयारण्य आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ झाले. पैठणच्या नाथसागरालाही १९८६ पासून अभयारण्याचे संरक्षण आहे. त्याच नदीवर पुढे नांदेडजवळ विष्णुपुरीचा शंकरसागर आहे. त्याला असा दर्जा नाही. तो उपसा सिंचनासाठी बांधलेला असून नांदेड शहराची तहानही भागवतो. येथील प्रत्येक थेंबाला आधीच दावेदार आहे.

अशा ठिकाणी माणसांना दूर सारून पाखरे राखता येणार नाहीत, असे आम्हांस वाटते. तलवार बदक व थापट्या काठच्या उथळ पाण्यात चरतात. तो काठ टिकणे अनेकांच्या हाती आहे : पाण्याची पातळी ठरविणारे पाटबंधारे खाते, गाळपेऱ्यात फवारणी करणारा शेतकरी, तुटकी जाळी पाण्यात सोडणारा वा बाहेर काढणारा मच्छीमार आणि सांडपाण्याची व्यवस्था पाहणारी महापालिका. विष्णुपुरीतच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थी पक्षिगणनेस मोठे बळ देऊ शकतात.

१९८७ पासून आशियात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. ती मुख्यतः स्वयंसेवक करतात. आमच्या वाचकांनी येत्या जानेवारीत जवळच्या तलावावर या कामाला हातभार लावावा आणि काठच्या शेतकऱ्यांना व मच्छीमारांनाही सोबत घ्यावे. भागीदारीचा आरंभ तेथूनच होईल.