न्यूयॉर्क ते लंडन ७ तास, मग परत जाताना ८ का? तिकिटावरची वेळ अशी वाचा

गावातलं पोरगं अमेरिकेतून सुट्टीला निघालं की घरचे मोबाईलवर विमान बघत बसतात. बरेच जण न्यूयॉर्कहून लंडनला येतात आणि तिथून मुंबईचं विमान धरतात. तिकिटाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला की घोळ सुरू होतो. समजा, विमान न्यूयॉर्कहून रात्री ९ ला सुटणार आणि लंडनला सकाळी ९ ला उतरणार. म्हणजे १२ तास लागले का? नाही, ७ च लागले. तिकिटावर प्रत्येक गावाची तिथली वेळ छापतात आणि लंडनचं घड्याळ न्यूयॉर्कच्या ५ तास पुढे असतं. उलट्या बाजूला तर गंमतच होते. लंडनहून सकाळी ११ ला निघालेला माणूस दुपारी २ ला न्यूयॉर्कात उतरतो. तीन तासांत पोचला असं वाटतं, पण प्रवास झालेला असतो ८ तासांचा.

दोन्हीकडून अंतर तेच, सुमारे ५,५५० किलोमीटर. मग एक तास जातो कुठे? वाऱ्यात. अटलांटिक महासागरावर साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. सायकल चालवताना वारा पाठीवर असला की पायडल हलकं लागतं आणि तोंडावर आला की दम निघतो, तसंच हे. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळामुळे हा वारा इतका वाढला, की ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. म्हणूनच समुद्रावरचे विमानांचे मार्ग वारा बघून रोज नव्याने आखतात.

नकाशावर विमान सरळ न जाता उत्तरेकडे वळसा घेताना दिसतं. वाट चुकलेलं नसतं ते. एका कलिंगडावर दोन ठिपके काढा आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा जिथून जाईल तोच जवळचा रस्ता. पृथ्वी गोल आहे, कागद सपाट, म्हणून कागदावर तो वाकडा दिसतो.

आता सगळ्यात जास्त जीव घाबरवणारी गोष्ट. भर समुद्रावर मोबाईलमधलं विमान कधी थांबल्यासारखं दिसतं, कधी गायबच होतं. विमानाचे सिग्नल पकडणारे बरेचसे रिसीव्हर जमिनीवर आहेत, मधल्या समुद्रापर्यंत त्यांची पोच नाही. आयर्लंडचा किनारा जवळ आला की विमान पुन्हा दिसू लागतं. तोवर नातेवाइकांना फोन लावून घर डोक्यावर घेऊ नका.

उतरायच्या वेळेपुढे +१ असेल तर ती दुसऱ्या दिवसाची वेळ समजायची. लंडनचे सकाळचे ९ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचे अडीच आणि मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर दीड. पोराच्या फोनची वाट त्यानंतरच बघा.