सर्वात भरलेली डिस्क

शंभर डिस्क जोडून एक मोठा साठा उभारला, त्यातली जवळजवळ पाव जागा अजून रिकामी आहे, आणि तरीही एके दिवशी लिहिणे बंद पडले. ज्याने हे काम कधी केलेले नाही त्याला हे खरे वाटणार नाही. सेफ ही साठवण प्रणाली सांभाळणाऱ्यांना मात्र त्याचे नवल वाटत नाही. अशा साठ्याची क्षमता सरासरीवर ठरत नाही, सर्वात भरलेल्या डिस्कवर ठरते.

सेफचा उगम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत झाला. सेज वाइल यांच्या पीएच.डी.च्या संशोधनातून ती आकाराला आली आणि २००६ साली तिच्यावरचे मूळ निबंध प्रसिद्ध झाले. २०१४ मध्ये ती विकसित करणारी इंकटँक ही कंपनी रेड हॅटने घेतली. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेतही ती वर्षानुवर्षे वापरात आहे.

कोणता डेटा कोणत्या डिस्कवर आहे, याची वही सेफ ठेवत नाही, हे तिचे सर्वात धाडसी वैशिष्ट्य. हडूपच्या फाइल प्रणालीत ही नोंद नेमनोड नावाचा एक सर्व्हर आपल्या मेमरीत बाळगतो. सेफमध्ये जागा हिशेबाने काढली जाते. आधी डेटाचा प्रत्येक तुकडा एका ‘प्लेसमेंट ग्रुप’मध्ये जातो. मग क्रश ही गणनपद्धती त्या ग्रुपच्या प्रती कुठे ठेवायच्या ते ठरवते. हे गणित वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या प्रत्येकाला स्वतः करता येते, त्यामुळे कोणाला विचारत बसावे लागत नाही.

त्या गणिताचा गाभा म्हणजे काड्या काढणे. एका ग्रुपसाठी प्रत्येक डिस्क एक काडी काढते. काडीची लांबी ग्रुपचा क्रमांक आणि डिस्कचा क्रमांक यांच्या हॅशवरून निघते, आणि डिस्कच्या वजनानुसार, म्हणजे साधारणपणे तिच्या क्षमतेनुसार, ती बदलते. जिची काडी सर्वात लांब तिला ग्रुप मिळतो. नवी डिस्क आली की जुन्यांच्या काड्या तशाच राहतात. नवीची काडी जिथे सर्वात लांब ठरते तेवढेच ग्रुप हलतात, आणि ते नवीकडेच जातात. दहा सारख्या डिस्कमध्ये अकरावी घातली तर साधारण एक-अकरांश डेटा हलतो. हेच वाटप ग्रुपच्या क्रमांकाला दहाने भागून उरलेल्या बाकीवर केले असते, तर अकरावी डिस्क येताच अकरापैकी दहा भाग डेटाची उचलबांगडी झाली असती. प्रत्यक्षात रॅक, सर्व्हर, डिस्क अशा पायऱ्यांनी निवड होत असल्याने हालचाल आदर्शापेक्षा थोडी जास्त होते, पण फरक तरीही प्रचंड राहतो.

पण योगायोगावर सोपवलेले वाटप नेमके समान कधीच होत नाही. एका डिस्कवर सरासरी १०० ग्रुप असतील तर कोणाकडे ८० जातात, कोणाकडे १२५. सरासरी ७६ टक्के भरली की १२५ ग्रुपवाली डिस्क ९५ टक्क्यांवर पोचते. ९५ ही सेफची मूळ ठरलेली सीमा आहे. तिथे ती लिहिणे थांबवते, आणि तसे करणे योग्यच आहे, कारण गच्च भरलेल्या डिस्कवरून सावरणे फार अवघड जाते. त्याआधी ८५ टक्क्यांवर इशारा मिळतो. तो इशारा गांभीर्याने घ्यायचा असतो.

आधी यावर उपाय होता तो फुगलेल्या डिस्कचे वजन हाताने कमी करण्याचा. त्यात एका डिस्कचे ओझे उतरवताना ते कोणाच्या डोक्यावर पडेल हे सांगता येत नसे. आज ही हलकी केली की उद्या दुसरी फुगते, असा खेळ चाले. २०१७ च्या ल्युमिनस आवृत्तीत ‘अपमॅप’ आले आणि चित्र पालटले. आता क्रशचा निकाल मान्य करून मोजक्या ग्रुपांपुरता अपवाद लिहिता येतो: या ग्रुपची ही प्रत या डिस्कवरून त्या डिस्कवर. सेफचाच बॅलन्सर नावाचा भाग हे काम स्वतः करतो. एका वेळी सुमारे पाच टक्क्यांहून अधिक डेटा जागेबाहेर राहणार नाही अशा बेताने तो चालतो, म्हणजे वापरणाऱ्यांचे काम तुंबत नाही. माझ्या मते सेफच्या इतिहासातली ही सर्वात शहाणी दुरुस्ती आहे. सूत्र मोडले नाही, संपूर्ण वहीही आणली नाही. फक्त अपवादांची छोटी यादी जोडली.

सगळ्या डिस्क सारख्या प्रमाणात भरल्या म्हणून काम समान होत नाही. १६ टीबीच्या डिस्कला ८ टीबीच्या डिस्कपेक्षा दुप्पट डेटा मिळतो, म्हणजे विचारणाही साधारण दुप्पट. पण फिरत्या डिस्कचे डोके काही दुप्पट वेगाने धावत नाही. शक्यतो एकाच मापाच्या डिस्क घ्याव्यात.

घरगुती साठ्यांत वापरल्या जाणाऱ्या फाइल प्रणालींत नवी डिस्क आल्यावर समतोल साधण्याची रीत वेगवेगळी असते. झेडएफएस नवी डिस्क जोडल्यावर जुना डेटा आपणहून हलवत नाही, फक्त नव्या लिखाणाचा ओघ रिकाम्या बाजूला जास्त वळवते. बीटीआरएफएसमध्ये ‘बॅलन्स’ ही आज्ञा सांगून द्यावी लागते.

सेफचा जुना क्लस्टर सांभाळत असाल तर दोन गोष्टी आजच पाहा: बॅलन्सर अपमॅप पद्धतीने चालू आहे का, आणि जोडलेले सगळे क्लायंट ल्युमिनस किंवा त्यानंतरचे आहेत का. एकही त्याआधीचा असेल तर अपमॅप वापरता येत नाही. आणि नव्या डिस्कची मागणी सरासरीचा आकडा पाहून करू नका, सर्वात भरलेल्या डिस्कचा पाहून करा.