स्वयंसेवकांचा प्रमुख व्हावं का?



नांदेडला किंवा लातूरला शिकायला जाणारा खेड्यातला मुलगा पहाटे उठतो, म्हशीची धार काढतो, एस.टी. गाठतो आणि दहाच्या तासाला वर्गात बसतो. कॉलेज सुरू झालं की थोड्याच दिवसांत फलकावर सूचना लागते : राष्ट्रीय सेवा योजनेसाठी नावे द्यावीत. नाव दिल्यावर पुढं एके दिवशी सर विचारतात, "मुलांमधून प्रमुख कोण होणार?" सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. आपलं एक मन म्हणतं, उभं राहावं. दुसरं म्हणतं, नको रे बाबा, घरी सोयाबीन काढायला माणूस नाही.

या दोन मनांचा निवाडा कसा करावा, एवढंच आज पाहू.

आधी ही योजना काय आहे ते सांगतो. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ती सुरू झाली. तेव्हा देशातली ३७ विद्यापीठं आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी तीत होते. आपल्या भागात १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्याकडे आहेत. 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी' हे योजनेचं ब्रीद. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं, आणि एखाद्या गावात सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं. कामाची जबाबदारी असते ती कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमलेल्या प्राध्यापकांवर. मुलांमधला प्रमुख हा त्यांचा उजवा हात.

आता पहिला प्रश्न वेळेचा. वर्षाचे १२० तास म्हणजे आठवड्याला अडीच तासांच्या आत. ऐकायला थोडे वाटतात. पण हा झाला साध्या स्वयंसेवकाचा हिशेब. प्रमुखाला आदल्या दिवशी टिकाव, फावडी, घमेली मोजून घ्यावी लागतात. दुसऱ्या दिवशी ती परत मोजावी लागतात. कोण आलं, कोण नाही, याची वही ठेवावी लागते. तेव्हा आपला वेळ दुप्पट धरा. मग एक कागद घ्या आणि त्यावर एस.टी.च्या वेळा लिहा, परीक्षेचे महिने लिहा, सुगीचे दिवस लिहा. एवढं मांडून जागा उरते का ते पाहा. आणि हा कागद घरी आईवडिलांना दाखवा. त्यांना न विचारता घेतलेली जबाबदारी ऐन काढणीच्या दिवसांत अंगाशी येते, बरं का!

दुसरा प्रश्न स्वभावाचा. तुम्ही म्हणाल, "मला भाषण करता येत नाही, मग मी कसला प्रमुख?" इथंच पुष्कळांची गफलत होते. शिबिरात भाषणं दोनच : उद्घाटनाचं आणि समारोपाचं, आणि तीही पाहुण्यांची. मधल्या दिवसांत प्रश्न निराळे असतात. पन्नास मुलांना पुरेल एवढं पाणी कुठून आणायचं? मुलींच्या राहण्याची आणि न्हाणीची सोय नीट आहे ना? सरपंचांनी एक जागा दाखवली आणि वस्तीवरच्या बाया म्हणतात काम दुसरीकडे हवं, ऐकायचं कोणाचं? अशा वेळी जो आधी दोन्हीकडचं ऐकून घेतो, त्याचं मुलं मानतात.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर जिल्हा विसरलेला नाही. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं दगडामातीच्या घरांखाली गेली. अशा संकटात मदतीला धावणारे हात पुष्कळ असतात. कोणता हात कुठे लावायचा, हे शांतपणे पाहणारे मात्र थोडे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. अशा टंचाईत टाकीपुढची रांग नीट लावून देणं हीसुद्धा सेवाच, आणि तिला आवाजापेक्षा धीर जास्त लागतो.

तिसरा प्रश्न हेतूचा. प्रमाणपत्र मिळतं, ओळखी होतात, चार लोकांत नाव होतं. याची इच्छा असण्यात पाप नाही. पण स्वतःला एक विचारा : प्रमुख झालो नाही, तरी मी रविवारी कामावर जाईन का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल उभे राहा. 'नाही' असेल तर अजून थांबा.

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांनी याहून फार मोठी किंमत मोजलेली आहे. १९३८ साली निजामाच्या राज्यात 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी आली, तेव्हा औरंगाबादचे आणि उस्मानिया विद्यापीठाचे विद्यार्थी ती मानायला तयार झाले नाहीत. त्यांना कॉलेजातून काढण्यात आलं. पुढं नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या पुष्कळांना आसरा दिला. आपल्यापुढचा प्रश्न त्या मानाने लहान आहे. म्हणूनच तो घाबरून टाळू नये, आणि मिरवण्यासाठी घेऊही नये.

माझा सल्ला विचाराल तर पहिलं वर्ष नुसतं राबा. टिकाव धरा, वही कशी लिहितात ते पाहा, गावातल्या माणसांची नावं लक्षात ठेवा. दुसऱ्या वर्षी उभे राहा. तेव्हा मुलं तुम्हाला कामावरून ओळखत असतील. निवड दुसऱ्याची झाली, तर त्याच्याकडे जाऊन विचारा, "माझ्याकडे कोणतं काम देतोस?" गट पाडणं सोपं असतं, त्याची शिक्षा मात्र शिबिराच्या गावाला होते.

गुरुजनांनाही एक विनंती. प्रमुख निवडताना दर वेळी पहिल्या नंबरचा मुलगा किंवा गावच्या पुढाऱ्याचा मुलगा निवडू नका. मुलींना केवळ रांगोळी आणि पाहुण्यांच्या स्वागतापुरतं पुढं करू नका. हजेरीची वही आणि साहित्याची किल्ली त्यांच्याही हाती द्या. मागच्या बाकावर बसणारा, घरची चार जनावरं सांभाळून येणारा एखादा मुलगा असेल. पाण्याची आणि माणसांची बेगमी कशी करतात हे तो घरूनच शिकून आलेला असतो. तो आपणहून हात वर करणार नाही. त्याला नाव घेऊन विचारा.

आणि मित्रा, असं कुणी तुला विचारलं, तर लगेच 'नको' म्हणू नकोस. एक दिवसाची मुदत माग. घरी जा, तो कागद मांड, आईवडिलांशी बोल, आणि मग काय ते ठरव.